घरच्या नेटला बाहेरचा डीएनएस लावायचा का? ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर काही महिन्यांनी कोणीतरी "१.१.१.१ टाका, नेट सुसाट पळतं" असा फॉरवर्ड टाकतं आणि मग मला फोन यायला लागतात. ऐरोलीचा मेहुणा, खारघरची मावशी, वरच्या मजल्यावरचे काका, सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. कोणी विचारलं की हेच पाठवणार. वाचायचा कंटाळा असेल तर एवढंच लक्षात ठेवा की कुठली सर्व्हिस घेतली याच्यापेक्षा ती कुठे लावली याने जास्त फरक पडतो.

डीएनएस म्हणजे काय, पटकन सांगा.

तुम्ही साइटचं नाव टाइप करता पण मशीनला आकडे लागतात, आयपी ॲड्रेस. नावावरून आकडा शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ती मांडली, त्याआधी सगळ्या कॉम्प्युटरांची नावं एकाच फाइलमध्ये असायची आणि ती फाइल सगळे उतरवून घ्यायचे! आता तुम्ही साइट उघडा, ॲप उघडा, टीव्हीवर मॅच लावा, आधी हा प्रश्न विचारला जातो, आणि तुम्ही काहीच बदललं नसेल तर तो तुमच्या नेटवाल्याच्या सर्व्हरला जातो. थर्ड पार्टी डीएनएस म्हणजे तोच प्रश्न दुसऱ्या कोणाला तरी विचारायचा. नेटवाला तोच, प्लॅन तोच, बिलही तेच.

मग यात सेफ्टी कुठून आली?

काही डीएनएस सर्व्हिस फसव्या आणि व्हायरसवाल्या साइट्सची यादी ठेवतात. यादीतलं नाव कोणी विचारलं की उत्तरच देत नाहीत, सोसायटीच्या गेटवर वॉचमनकडे नावांची यादी असते आणि तो बाहेरच्या बाहेर परत पाठवतो तसं. पान उघडतच नाही त्यामुळे पासवर्ड टाकायची वेळच येत नाही.

लाइट बिलाचा मेसेज आठवतोय ना, "आज रात्री ९:३० ला तुमची वीज कापली जाईल, खालील अधिकाऱ्याला फोन करा" वाला? महावितरणच्या नावाने फिरायचा. तसल्याच मेसेजमध्ये आता लिंक असते, केवायसीची, पार्सलची, चलनाची. ती लिंक आईने किंवा सासऱ्यांनी दाबलीच, आणि ते डोमेन (म्हणजे साइटचं नाव) यादीत असेल, तर "साइट सापडली नाही" एवढंच दिसतं आणि विषय संपतो. एक गंमत सांगतो, बऱ्याच सर्व्हिस ब्लॉक केल्यावर धोक्याचं लाल पान वगैरे काही दाखवत नाहीत, नुसती एरर येते, त्यामुळे घरातले ओरडतात "नेट गेलं रे!" तेव्हा आधी ती लिंक कुठली होती ते विचारा.

हे लावलं की मग निर्धास्त का?

नाही नाही, अजिबात नाही, आणि हा भाग नीट वाचा.

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका नाहीतर आरटीओ चलन म्हणून एपीके फाइल (अँड्रॉइडवर ॲप बसवणारी) येते, ती फाइल चॅटमधून सरळ फोनमध्ये उतरते, तिथे डीएनएसचा काही संबंध येत नाही. इन्स्टॉल झाल्यावर ते ॲप ज्या सर्व्हरशी बोलायला जातं त्याचं नाव यादीत असलं तर तिथे अडेल, पण त्या भरवशावर राहू नका. फोन करून "डिजिटल अरेस्ट" सांगणाऱ्याला डीएनएस थांबवू शकत नाही. स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला लावणारे, "यूपीआय पिन टाका म्हणजे पैसे येतील" सांगणारे, यांचंही तेच.

शिवाय चोर पण हुशार झालेत, फसवा फॉर्म सरळ मोठ्या कंपनीच्या फुकट फॉर्म सर्व्हिसवर बनवतात. आता ते अख्खं डोमेन कोण ब्लॉक करणार, अर्ध्या शाळांचे फॉर्म त्याच्यावर असतात. डीएनएसला फक्त डोमेनचं नाव दिसतं, पुढचं पान कुठलं ते दिसत नाही. आणि अगदी आज सकाळी रजिस्टर केलेलं डोमेन दुपारी यादीत असेलच असं नाही, फसवणूकवाले एक नाव काही तासच वापरतात आणि फेकून देतात.

त्यामुळे पत्ता बघायची सवय ती लागतेच. बँकांच्या बाबतीत आता एक सोय झालीय, रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायला सांगितलं होतं, त्यामुळे नेटबँकिंगच्या पत्त्याचं शेपूट तेच आहे का हे घरच्या म्हाताऱ्या माणसांना सुद्धा शिकवता येतं. शेपूट म्हणजे, सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस'नंतरच्या दोन रेषा सोडून, पहिल्या तिरक्या रेषेच्या आधीचा शेवटचा भाग हं, मधेच कुठेतरी 'बँक' लिहिलेलं चालत नाही. आणि पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढे पुढे सरकत जातात.

कुठली सर्व्हिस घेऊ? नावं सांगा सरळ.

सांगतो. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा २०१८ च्या १ एप्रिलला आला, लोकांना एप्रिल फूल वाटलं होतं. पण नीट ऐका, साधा १.१.१.१ काहीही ब्लॉक करत नाही! तो नुसता फास्ट आहे. फॉरवर्डमध्ये हा घोळ कायम असतो. व्हायरस आणि फिशिंग (पासवर्ड चोरणाऱ्या नकली साइट) यांच्यासाठी त्यांचा १.१.१.२ आहे, जोडीला १.०.०.२. अश्लील साइट्स पण बंद हव्या असतील तर १.१.१.३ आणि १.०.०.३. हे दोन्ही २०२० पासून आहेत.

गुगलचा ८.८.८.८ आणि ८.८.४.४, २००९ पासूनचा, दणकट आहे, पण तोही फिल्टरसाठी नाही. सेफ्टी म्हणून ८.८.८.८ लावून बसलेले अर्धे लोक मला ठाण्यातच सापडतील.

क्वाड नाइन, म्हणजे ९.९.९.९, जोडीला १४९.११२.११२.११२. ही ना-नफा संस्था आहे, २०१७ मध्ये सुरू झाली, २०२१ पासून तिचं ऑफिस स्वित्झर्लंडमध्ये आहे. फक्त घातक साइट्स ब्लॉक करते, अश्लील किंवा जाहिराती यात पडत नाही. माझ्या घरी राउटरवर हीच आहे.

ओपनडीएनएस सगळ्यात जुना, २००६ चा, २०१५ मध्ये सिस्कोने विकत घेतला. त्यांचा फॅमिली शील्ड २०८.६७.२२२.१२३ आणि २०८.६७.२२०.१२३, लहान मुलांच्या घरासाठी बरा. ॲडगार्डचा ९४.१४०.१४.१४ आणि ९४.१४०.१५.१५ जाहिराती आणि ट्रॅकर (तुम्ही काय बघता त्यावर नजर ठेवणारे) पण उडवतो. नेक्स्टडीएनएसमध्ये स्वतःचं अकाउंट बनवून काय ब्लॉक करायचं ते तुम्ही ठरवता, नवीन रजिस्टर झालेली डोमेन सरसकट बंद करायचा ऑप्शन आहे जो मला फार आवडतो, महिन्याला ३ लाख प्रश्नांपर्यंत फुकट, त्याच्यापुढे गेलं की फिल्टर थांबतो पण नेट चालू राहतं. चार-पाच माणसांच्या घरात टीव्ही-बिव्ही धरून ३ लाख कधी संपतात कळत नाही.

डोकं लावायचं नसेल तर ९.९.९.९ किंवा १.१.१.२ घ्या. या दोघांत भांडण लावण्याइतका फरक नाही.

प्रायमरीला एक आणि सेकंडरीला दुसऱ्या कंपनीचा टाकला तर डबल सेफ्टी ना?

उलटं होतं. सेकंडरी हा फक्त पहिला मेला की वापरायचा असं सगळ्या मशीन पाळत नाहीत, काही मशीन दोघांना आलटून पालटून विचारतात, काही जो आधी उत्तर देईल त्याचं घेतात. म्हणजे पहिल्यात फिल्टरवाला आणि दुसऱ्यात ८.८.८.८ टाकला तर फसवी साइट कधी अडेल, कधी सरळ उघडेल. दोन्ही जागी एकाच सर्व्हिसची जोडी टाका.

राउटरवर कसं लावायचं? स्टेप बाय स्टेप.

टीव्हीच्या मागे किंवा शू-रॅकच्या वर तो पांढरा डबा असतो ना, धूळ झटका, उलटा करा, मोबाइलचा टॉर्च मारा. खाली स्टिकरवर आयपी ॲड्रेस, युजरनेम, पासवर्ड बारीक अक्षरात छापलेलं असतं. फोटो काढून झूम करा, डोळे फोडू नका. बहुतेक वेळा पत्ता १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, तो घरच्या वायफायला जोडलेल्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये टाका. आकडे इंग्रजी टाइप करायचे बरं का, इथे मी मराठी लिहिलेत म्हणून तसेच कॉपी करू नका, राउटर घेणार नाही.

आत गेलात की डीएनएस दोन ठिकाणी सापडतो. एक 'वॅन' (बाहेरची, नेटवाल्याकडची बाजू) किंवा 'इंटरनेट'च्या पानावर आणि एक 'लॅन' (घरातली बाजू) मध्ये 'डीएचसीपी सर्व्हर'च्या खाली, म्हणजे घरातल्या डिव्हाइसना पत्ते वाटणाऱ्या भागात. वॅनच्या पानावर पीपीपीओई (नेटवाल्याकडे लॉगिन करायची पद्धत) लिहिलेलं असेल तर तिथलं युजरनेम पासवर्ड, व्हीलॅन वगैरे कशालाही हात लावू नका, ते उडालं तर नेटवाल्याला बोलवावं लागेल आणि तो "उद्या येतो" म्हणेल. डीएचसीपीवाली जागा मला जास्त पसंत, कारण तिथे टाकलेला पत्ता घरातल्या प्रत्येक डिव्हाइसला थेट दिला जातो आणि तपासायला पण सोपं पडतं. प्रायमरी, सेकंडरी भरा, सेव्ह करा, राउटर रिस्टार्ट करा. मग फोनचं वायफाय एकदा बंद-चालू करा म्हणजे नवीन पत्ता घेतील. विंडोजवर जुनं उत्तर चिकटून बसतं, कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग, स्पेस, स्लॅश, फ्लशडीएनएस अशी कमांड दिली की साफ होतं.

आत गेलाच आहात तर राउटरचा ॲडमिन पासवर्ड बदला. वायफायचा नाही म्हणत मी, ॲडमिनचा. अजून ॲडमिन-ॲडमिन असलेले ढिगाने राउटर आहेत.

ॲडमिन पासवर्डचा आणि डीएनएसचा काय संबंध?

खूप संबंध. तुम्ही चांगला डीएनएस लावू शकता तसा चोर वाईट लावू शकतो. डीएनएसचेंजर नावाचा मालवेअर (घातक प्रोग्राम) हेच करायचा, लोकांच्या कॉम्प्युटरचा आणि काही वेळा राउटरचा पण डीएनएस बदलून स्वतःच्या सर्व्हरकडे वळवायचा, म्हणजे तुम्ही बरोबर नाव टाइप केलं तरी पान भलतंच. १०० च्या वर देशांत साधारण ४० लाख कॉम्प्युटर लागण झालेले होते. नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयच्या कारवाईत टोळीतले एस्टोनियात पकडले गेले, पण ते सर्व्हर लगेच बंद केले असते तर लाखो लोकांचं नेट एका झटक्यात गेलं असतं, म्हणून त्या जागी चांगले सर्व्हर बसवून ९ जुलै २०१२ पर्यंत चालू ठेवले होते. डीएनएस ज्याच्या हातात त्याच्या हातात काय असतं ते यावरून बघा. म्हणून सहा-आठ महिन्यांनी राउटरमध्ये डोकावून तिथे तुम्हीच टाकलेले आकडे आहेत का बघत जा.

माझ्या राउटरमध्ये डीएनएसचा ऑप्शनच नाही. कंपनीने लॉक केलंय.

होतं असं, फायबरबरोबर मिळालेल्या बऱ्याच डब्यांमध्ये तो ऑप्शन लपवलेला किंवा बंद असतो. कस्टमर केअरला विचारून बघा, पण फार आशा ठेवू नका. दोन मार्ग आहेत. एक, स्वतःचा राउटर घ्या आणि कंपनीच्या डब्याला लॅनच्या वायरने जोडा, डीएनएस तुमच्या राउटरवर लावा आणि सगळ्या घराला त्याचंच वायफाय द्या, कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करा नाहीतर पोरं तिकडे जाऊन बसतील. दुसरा मार्ग फुकट, प्रत्येक फोनवर आणि लॅपटॉपवर वेगळा लावा. टीव्ही मात्र असाच राहील, हां काही टीव्हीत नेटवर्क सेटिंगमध्ये हाताने डीएनएस टाकता येतो.

सगळं केलं, तरी काहीच ब्लॉक होत नाहीये.

दहातल्या आठ वेळा आयपीव्ही६, म्हणजे आयपी ॲड्रेसची नवी, लांब पत्त्यांची पद्धत, जुनी चार आकड्यांची ती आयपीव्ही४. आपल्याकडे बहुतेक मोठे नेटवाले आता आयपीव्ही६ देतात आणि त्याचा डीएनएस वेगळा असतो. तुम्ही फक्त आयपीव्ही४ चे चार आकडे बदलले आणि मशीन दुसऱ्या दाराने नेटवाल्याच्याच सर्व्हरला विचारत बसलं. सर्व्हिसच्या साइटवर आयपीव्ही६ चे लांबलचक पत्ते असतात, ते तिथून कॉपी करून राउटरच्या आयपीव्ही६ च्या पानावर टाका. राउटर तिथे बदलू देत नसेल तर काही लोक आयपीव्ही६ बंदच करून टाकतात, मला ते फारसं पटत नाही पण दुसरा उपाय नसेल तर चालतं.

उरलेल्या दोन वेळा ब्राउझर. क्रोममध्ये 'सिक्युअर डीएनएस' नावाचं सेटिंग आहे, फायरफॉक्समध्ये पण 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस' आहे, तिथे कोणी वेगळी सर्व्हिस निवडून ठेवली असेल तर ब्राउझर राउटरला विचारतच नाही. फोनवर व्हीपीएन (सगळं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणारी सोय) चालू असेल तरी तसंच.

तपासायला क्वाड नाइनवाल्यांनी 'ऑन डॉट क्वाड९ डॉट नेट' उघडा, होय की नाही ते सरळ सांगतं. क्लाउडफ्लेअरवाल्यांनी 'मालवेअर डॉट टेस्टकॅटेगरी डॉट कॉम' उघडून बघा, उघडलं नाही म्हणजे काम चालू. पत्ते अर्थात इंग्रजीत टाइप करायचे. खऱ्या फसव्या लिंकवर टेस्ट करायचा शहाणपणा करू नका.

फोनवर वेगळं लावायचं का? राउटरवर आहे की.

लावाच. राउटरचा डीएनएस घराच्या दाराशी संपतो. तुम्ही सकाळी ठाणे स्टेशनला पोचलात, मोबाइल डेटावर आलात की तो सुटला, आणि फसवे मेसेज तर दिवसभर येत असतात. माझं तर म्हणणं आहे की वेळ एकाच कामाला असेल तर राउटर सोडा आणि आई-बाबांच्या फोनवर लावा.

अँड्रॉइड ९ पासून फोनमध्येच 'प्रायव्हेट डीएनएस' आहे, ॲप नको काही नको. प्रत्येक कंपनीने ते वेगळ्या मेन्यूत कोंबलंय म्हणून सेटिंग्जच्या सर्चमध्ये सरळ प्रायव्हेट डीएनएस टाइप करा. तिथे आकडे चालत नाहीत, नाव लागतं. क्वाड नाइनसाठी 'डीएनएस डॉट क्वाड९ डॉट नेट', क्लाउडफ्लेअरच्या फिल्टरसाठी 'सिक्युरिटी डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम', मुलांच्या फोनवर सिक्युरिटीच्या जागी 'फॅमिली'. इंग्रजीत, लहान अक्षरात, मधे स्पेस नाही, डॅश विसरू नका. एका अक्षराची चूक झाली तरी फोनचं नेट पूर्ण बंद पडतं, घाबरू नका, परत जाऊन 'ऑटोमॅटिक' करा की चालू.

याचा अजून एक फायदा, हा प्रश्न एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे कुलूपबंद होऊन जातो. राउटरवर टाकलेला साधा डीएनएस उघड्यावर जातो, वाटेत कोणीही वाचू शकतं.

स्टेशनच्या, मॉलच्या वायफायला फोन जोडला की "प्रायव्हेट डीएनएस सर्व्हर ॲक्सेस करता येत नाही" येतं.

त्या वायफायला आधी लॉगिनचं पान दाखवायचं असतं, ओटीपीवालं, आणि तुमचा फोन त्याच्या डीएनएसचं ऐकत नाही म्हणून ते पान येत नाही. काही ठिकाणी एन्क्रिप्टेड डीएनएसचं ८५३ नंबरचं पोर्टच (म्हणजे त्याची वाटच) बंद असतं. तेवढ्यापुरतं 'ऑटोमॅटिक' करा, लॉगिन करा, परत लावा. लोकल केबलवाल्याच्या ज्या नेटला रोज लॉगिन पान येतं तिथेही हाच प्रकार.

आयफोनवर?

वायफायच्या नावापुढच्या 'आय' वर दाबून 'कॉन्फिगर डीएनएस', मॅन्युअल, आकडे टाका. पण हे फक्त त्या एका वायफायपुरतं. मोबाइल डेटावर पण हवं असेल तर सर्व्हिसवाल्यांचं ॲप किंवा कॉन्फिगरेशन प्रोफाइल (सेटिंगची तयार फाइल) घ्यावं लागतं, आयओएस १४ पासून ते चालतं. प्रोफाइल त्यांच्याच अधिकृत साइटवरून घ्या, कोणी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं प्रोफाइल टाकू नका.

नेटचा स्पीड वाढतो का?

१०० एमबीपीएसचा प्लॅन १०० चाच राहतो. नेटवाल्याचा डीएनएस सुस्त असेल तर पान उघडायला सुरुवात पटकन होते आणि तेवढ्याने फास्ट वाटतं, डाउनलोडला काही फरक नाही. या मोठ्या सर्व्हिस एकच पत्ता जगभर अनेक ठिकाणांहून चालवतात आणि क्लाउडफ्लेअर, गुगल दोघांचे सर्व्हर मुंबईत आहेत, त्यामुळे आपल्याला इथे सहसा तक्रार नसते. ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात एवढी डेटा सेंटर उभी राहिलीत पण म्हणून कोपरखैरण्यातल्या माणसाचा प्रश्न ठाणे-बेलापूर रोडच्या पलीकडेच सुटेल असं समजू नका, तो कुठल्या वाटेने जाणार ते नेटवाला ठरवतो. कधी कधी उलट पण होतं, बाहेरच्या डीएनएसमुळे व्हिडिओ लांबच्या सर्व्हरवरून यायला लागतो. संध्याकाळी स्ट्रीमिंग अडखळायला लागलं तर दुसरी सर्व्हिस लावून बघा, फुकट तर आहे.

यूट्यूबच्या जाहिराती जातील?

नाही. व्हिडिओ आणि जाहिरात एकाच डोमेनवरून येतात.

मुलांसाठी पुरेसं आहे का हे?

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला चुकून काहीतरी दिसू नये एवढ्यासाठी छान आहे. १.१.१.३ किंवा ॲडगार्डचा फॅमिलीवाला, ९४.१४०.१४.१५ आणि ९४.१४०.१५.१६, हा सर्च इंजिनची सेफ सर्च पण जबरदस्तीने चालू करतो. पण दहावीतल्या मुलासाठी हे कुलूप नाही, तो प्रायव्हेट डीएनएस बंद करायला एका दिवसात शिकतो, नाहीतर मित्राचा हॉटस्पॉट घेतो. आणि इन्स्टाग्रामच्या आत काय दिसतं, गेममध्ये कोण चॅट करतंय, यातलं डीएनएसला काहीच दिसत नाही. तिथे फोनचं पॅरेंटल कंट्रोल लावा आणि पोराशी बोला, कसं बोलायचं ते मला विचारू नका, माझीच सातवीत आहे.

म्हणजे माझी सगळी हिस्ट्री आता परदेशी कंपनीला कळणार?

कुठल्या साइटचं नाव विचारलं ते कळतं, आत काय वाचलं ते नाही. आत्ता ते तुमच्या नेटवाल्याला कळतंय, उद्या त्या कंपनीला कळेल, प्रश्न फक्त कोणावर विश्वास जास्त एवढाच आहे. क्वाड नाइन तुमचा आयपी साठवत नाही असं जाहीरपणे सांगते, म्हणून माझी पसंती तिला. आणि डीएनएस बदलून नेटवाल्यापासून सगळं लपलं असंही नाही, साइटशी कनेक्शन जोडताना तिचं नाव बहुतेक वेळा उघडच जातं. म्हणून कोणी "डीएनएस बदला, कोणाला काही कळणार नाही" म्हणालं तर हसा आणि सोडून द्या.

बँकेचं ॲप, जीपे, फोनपे अडतात का?

राउटरवर किंवा प्रायव्हेट डीएनएसमधून लावलं तर सहसा नाही. पण डीएनएसची काही ॲप फोनमध्ये व्हीपीएन म्हणून चालतात, वर चावीचं चिन्ह दिसतं, आणि व्हीपीएन दिसला की काही बँकांची ॲप उघडत नाहीत. म्हणून अँड्रॉइडवर ॲपच्या भानगडीत पडू नका. जाहिराती ब्लॉक करणाऱ्या डीएनएसवर एक त्रास मात्र होतो, एसएमएसमधल्या ऑफरच्या, पार्सल ट्रॅकिंगच्या खऱ्या लिंक पण कधी कधी मरतात, मग घरात शिव्या मला पडतात.

ऑफिसच्या लॅपटॉपवर लावू का?

नको. ऑफिसच्या आतल्या साइट्सची नावं फक्त ऑफिसच्या डीएनएसला माहीत असतात, बाहेरचा लावलात तर त्या उघडणार नाहीत आणि आयटीवाला विचारेल तुम्हाला कोणी सांगितलं. तिथला डीएनएस आहे तसाच राहू द्या.

हे कायदेशीर आहे ना? आणि बंद केलेल्या साइट्स उघडतील का?

डीएनएस बदलणं पूर्ण कायदेशीर आहे. सरकारने आयटी ॲक्टखाली किंवा कोर्टाने बंद केलेल्या साइट्ससाठी मात्र हे वापरू नका, बहुतेक ठिकाणी नेटवाले आता फक्त डीएनएसवर अडवत नाहीत, त्यामुळे उघडणार पण नाहीत. पायरेटेड पिक्चरच्या साइट्सवर तर व्हायरसचा बाजार असतो, त्यासाठी सेफ डीएनएस लावणं म्हणजे काय बोलावं.

सर्व्हिसच बंद पडली तर?

पडते कधीतरी. १४ जुलै २०२५ ला १.१.१.१ जगभर साधारण तासभर बंद होता, त्यांच्याच कॉन्फिगरेशनमधल्या चुकीमुळे, हल्ला-बिल्ला नव्हता. आपल्याकडे तेव्हा १५ तारखेची पहाट होती, साडेतीन-चारची, त्यामुळे बहुतेकांना पत्ताच लागला नाही. दिवसा झालं असतं तर सगळ्यांनी नेटवाल्याला शिव्या घातल्या असत्या. ओळखायची खूण सांगतो, एकही साइट उघडत नाही पण व्हॉट्सॲपवर आधीपासून चालू असलेला कॉल चालूच आहे, असं असेल तर डीएनएसवर संशय घ्या. राउटरवर तात्पुरता दुसऱ्या सर्व्हिसचा पत्ता टाका. आणि काहीच चालत नसेल, कॉल पण तुटला, डब्यावर लाल दिवा आहे, तर रस्त्यात कुठेतरी खोदकामात फायबर तुटलीय, तिथे डीएनएस काय करणार.

नेटवाला येऊन राउटर रिसेट करून गेला. आता?

तुमचे आकडे गेले, ॲडमिन पासवर्ड पण परत स्टिकरवालाच झाला. नवीन राउटर बसवला तरी तेच, आणि हे तुम्हाला कोणी सांगत नाही, नेट चालू असतं म्हणून सगळे समजतात की फिल्टर पण चालू आहे. प्रायमरी, सेकंडरी आणि आयपीव्ही६ चे पत्ते एका कागदावर लिहून डब्याच्या मागे चिकटवा, ॲडमिन पासवर्ड मात्र त्या कागदावर नको. तो माणूस लिफ्टपर्यंत पोचायच्या आत टेस्टचं पान उघडून बघा, म्हणजे लॉगिन अडलं तर त्याला परत बोलवता येईल.